गाठींची ओळख पटवणारा सर्जन

स्तनात गाठ लागली की आजही बाई आधी कर्करोगाचाच विचार करते. दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टरही फारसे वेगळे सांगू शकत नव्हते. मॅमोग्राफी नव्हती, सुईने तुकडा काढून तपासण्याची सोय नव्हती, आणि भूल नव्हती. स्तन काढायचा तर बाई शुद्धीवर असतानाच. अशा काळात कुठली गाठ घातक आणि कुठली साधी, हे वेगळे करण्यासाठी धडपडलेला माणूस म्हणजे लंडनचे सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर.

कूपर यांचा जन्म १७६८ साली इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात, एका धर्मगुरूच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी ते काकांकडे लंडनला सर्जरी शिकायला आले आणि शवविच्छेदनाचे त्यांना अक्षरशः वेड लागले. १८०० मध्ये ते गाय्ज हॉस्पिटलचे सर्जन झाले. पुढे राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ काढल्यावर त्यांना सरदारकीही मिळाली. मात्र विच्छेदनासाठी लागणारी प्रेते ते कबरी उकरणाऱ्या चोरांकडून विकत घेत आणि १८२८ साली संसदीय समितीपुढे त्यांनी हे लपवलेही नाही. त्यांची विद्वत्ता सांगताना ही गोष्ट गाळणे मला पटत नाही. ज्या गरिबांची प्रेते चोरीला गेली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

१८२९ मध्ये त्यांचे स्तनविकारांवरचे सचित्र पुस्तक आले. त्यात त्यांनी पाण्याने भरलेल्या गाठी आणि तरुण मुलींमध्ये आढळणाऱ्या, बोटाखाली इकडेतिकडे सरकणाऱ्या घट्ट गाठी वेगळ्या काढल्या. या दुसऱ्या प्रकाराला आपण आज फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतो. या गाठी घातक नाहीत, असे त्यांचे मत होते. पाळीच्या आधी वाढणाऱ्या स्तनदुखीचीही त्यांनी नोंद केली. या दुखण्याने घाबरलेल्या बायका आजही ओपीडीत येतात आणि बहुतेकींना धीर देण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. घातक गाठींवरचा दुसरा भाग मात्र कधी निघालाच नाही. १८४० मध्ये स्तनाच्या रचनेवरचा ग्रंथ आला आणि पुढच्या वर्षी कूपर वारले. स्तनाला आधार देणारे तंतू आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. कर्करोगात हेच तंतू आखडले की कातडीला खळी पडते.

कूपर यांना बोटांनी जे कळले नसते, ते पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले. साधी आणि घातक यांच्या मधलाही एक गट असतो. १९८५ साली अमेरिकेतील नॅशव्हिलच्या ड्युपाँट आणि पेज यांनी बायोप्सीत साधा विकार आढळलेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुमारे ७० टक्के स्त्रियांमध्ये पेशींची वाढ नव्हती आणि त्यांचा कर्करोगाचा धोका वाढलेला नव्हता. पेशी वाढलेल्या पण दिसायला नेहमीसारख्या असतील, तर धोका सुमारे दुप्पट. पेशींची वाढही आणि रूपही बदललेले, म्हणजे अ‍ॅटिपिकल हायपरप्लासिया असेल, तर चौपटीहून जास्त. त्यात आई, बहीण किंवा मुलीला कर्करोग झालेला असेल तर तो आणखी चढतो. चौपट म्हणजे कर्करोग होणारच असे नव्हे, पण नियमित तपासणी आणि कधी प्रतिबंधक गोळ्या यांचा विचार करावा लागतो. म्हणून गाठ साधी निघाली तरी बायोप्सीचा कागद फेकू नका. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो दाखवा.