लुई झ्बोरोव्स्की

काउंट लुई व्होरो झ्बोरोव्स्की (२० फेब्रुवारी, १८९५ - १९ ऑक्टोबर, १९२४) हे इंग्लंडमधील हौशी मोटार शर्यतपटू आणि मोटार-बांधणीकार होते. पहिल्या महायुद्धानंतर निरुपयोगी ठरलेली विमानांची प्रचंड सहा सिलिंडरी इंजिने जुन्या मोटारींच्या सांगाड्यांवर बसवून त्यांनी तयार केलेल्या 'चिटी बँग बँग' या गाड्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर गाजल्या. वयाच्या २९ व्या वर्षी मोंझा येथील इटालियन ग्रां प्री शर्यतीत त्यांचा मृत्यू झाला. इयान फ्लेमिंग यांच्या बालकथेमुळे त्यांच्या गाडीचे नाव जगभर पोहोचले, परंतु ती गाडी बांधणारा माणूस बऱ्याच अंशी विस्मरणात गेला.

कुटुंब आणि बालपण

झ्बोरोव्स्की घराण्याचा मूळ पुरुष पोलंडमधून अमेरिकेत जाऊन स्थायिक झाला होता. 'काउंट' हा किताब हे घराणे वापरीत असे. त्याच्या अधिकृततेविषयी मात्र अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. लुई यांचे वडील विल्यम इलियट झ्बोरोव्स्की हे मोटार शर्यतींच्या अगदी आरंभीच्या पिढीतील चालक होते. आई मार्गारेट या अमेरिकेतील धनाढ्य ॲस्टर घराण्यातील होत्या. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील मोक्याच्या जमिनींचे उत्पन्न या कुटुंबाकडे येत असे.

१ एप्रिल, १९०३ रोजी फ्रान्समधील नीस शहराजवळच्या ला तुर्बी घाटातील चढाच्या शर्यतीत विल्यम यांची मर्सिडीज गाडी कड्यावर आदळली आणि ते जागीच ठार झाले. त्या वेळी लुई आठ वर्षांचे होते. वडिलांच्या सदऱ्याच्या बाहीचे बटण गाडीच्या हातगतिनियंत्रकात अडकले आणि त्यामुळे अपघात झाला, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. आईने १९१० मध्ये केंट परगण्यात कँटरबरीजवळ हायम पार्क ही विस्तीर्ण वास्तू खरेदी केली, पण पुढच्याच वर्षी तिचाही मृत्यू झाला. अशा प्रकारे सोळाव्या वर्षी लुई हे पोरके आणि त्याच वेळी इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत तरुणांपैकी एक झाले. १९१९ मध्ये त्यांनी व्हायोलेट लीस्टर यांच्याशी विवाह केला.

हायम पार्कची कार्यशाळा

श्रीमंत वारसदाराने वेगवान गाड्या विकत घेणे यात नवल नव्हते. झ्बोरोव्स्की यांचे वेगळेपण असे, की त्यांना गाडी विकत घेण्यापेक्षा ती बांधण्यात अधिक रस होता. त्यांनी हायम पार्कच्या आवारात सुसज्ज कार्यशाळा उभारली आणि क्लाइव्ह गॅलप या कुशल अभियंत्याला हाताशी घेतले. गॅलप यांनी युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात काम केले होते आणि बेंटली कंपनीच्या पहिल्या इंजिनाच्या आरेखनातही त्यांचा सहभाग होता. या कामातील श्रेयाची वाटणी करताना काउंटचे नाव पुढे येते आणि गॅलप मागे राहतात. कल्पना, पैसा आणि चालकाचे धाडस काउंटचे होते. आकडेमोड व आरेखन यांचा मोठा भार गॅलप यांनी वाहिला, हे लक्षात ठेवणे न्याय्य ठरेल.

युद्ध संपल्यावर जर्मनीची विमाने आणि त्यांची इंजिने विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात आली. लाखमोलाची ही यंत्रे आता अडगळीच्या भावात मिळू लागली. एरवी एखाद्या कारखान्यालाच परवडावी अशी अश्वशक्ती त्यामुळे हौशी माणसाच्या आवाक्यात आली. अर्थात, विमानाचे इंजिन मोटारीत बसविणे हे बैलगाडीला आगगाडीचे इंजिन जोडण्यासारखेच होते. इंजिन स्वस्त मिळाले तरी त्याची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचविणे हा खरा प्रश्न होता.

चिटी बँग बँग - १

पहिल्या गाडीसाठी युद्धपूर्व काळातील ७५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजचा सांगाडा निवडण्यात आला आणि तो लांब करून घेण्यात आला. त्यावर जर्मनीतील मायबाख कंपनीचे सहा सिलिंडरी विमान इंजिन बसविण्यात आले. सिलिंडरचा अंतर्व्यास १६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १८० मिलिमीटर असल्याने इंजिनाचे एकूण आकारमान २३,०९३ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २३ लिटर भरत असे. त्यातील एकेका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३.८५ लिटर होते. त्याच काळात नावारूपाला आलेल्या बेंटलीच्या शर्यती गाडीचे संपूर्ण इंजिन तीन लिटरचे होते, यावरून या यंत्राच्या अवाढव्यपणाची कल्पना यावी.

एका रांगेत सहा सिलिंडर ठेवण्यामागे विमान-अभियंत्यांचा निश्चित हेतू होता. अशा रचनेत दट्ट्यांच्या जोड्या परस्परांच्या हालचालीतून निर्माण होणारे धक्के जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात आणि इंजिन कमी थरथरते. हलक्या लाकडी विमानाला किंवा हवाई जहाजाला हे सोयीचे असे, तसेच शंभर मैलांच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या सांगाड्यालाही.

हे इंजिन सुमारे ३०० अश्वशक्ती देत असे, पण तेही मिनिटाला अवघ्या १,५०० फेऱ्यांच्या आसपास. विमानाचा पंखा फार वेगाने फिरवून चालत नाही, म्हणून विमान इंजिने मंद गतीची व मोठ्या पिळाची असत. मोटारीच्या दृष्टीने याचा अर्थ साधे गणित करून पाहता येतो. चाकाचा व्यास ९० सेंटिमीटर धरला तर ताशी १२० मैल (१९३ किमी) वेगासाठी चाकाने सेकंदाला सुमारे १९ फेऱ्या घेतल्या पाहिजेत. इंजिन मात्र सेकंदाला २५ फेऱ्याच घेते. म्हणजे इंजिनाच्या साधारण सव्वा ते दीड फेरीमागे चाकाची एक फेरी व्हावी लागते. सामान्य मोटारीत हेच प्रमाण इंजिनाच्या चार-पाच फेऱ्यांमागे एक असे असते. मागील चाके साखळीने फिरविण्याची जुनी पद्धत येथे उपयोगी पडली. साखळीवरची दातेरी चक्रे बदलली की हे प्रमाण बदलता येते आणि धावपट्टीला अनुरूप अशी गाडीची जुळवणी करता येते. साखळी त्या वेळी कालबाह्य होत चालली होती, परंतु एवढा पीळ सहन करील असा बंदिस्त दंड आणि दातेरी पेटी मिळविणे सोपे नव्हते.

इंजिन मंद गतीत चालू असताना एकेक स्फोट वेगळा ऐकू येत असे. गाडीचे नाव या आवाजावरून पडले असे एक मत आहे. युद्धकाळात सैनिकांमध्ये प्रचलित असलेल्या एका चावट गाण्यावरून ते घेतले, असे दुसरे मत आहे. हे इंजिन गोथा बाँबफेकी विमानातील होते असेही वारंवार लिहिले जाते. गोथाच्या प्रसिद्ध विमानांना मर्सिडीजची इंजिने असत, त्यामुळे हे विधान जपूनच स्वीकारावे लागते. गाडीच्या गोंगाटामुळे कँटरबरी शहरात तिला बंदी करणारा नियम झाला, ही कथाही याच जातकुळीची आहे.

ब्रुकलँड्सवरील कामगिरी

सरे परगण्यातील ब्रुकलँड्स ही १९०७ मध्ये खुली झालेली, मुद्दाम मोटारींसाठी बांधलेली धावपट्टी होती. तिची वळणे उतरत्या भिंतीसारखी उचललेली असत. येथील बहुतेक शर्यती 'हँडिकॅप' पद्धतीच्या असत. म्हणजे संथ गाड्या आधी सुटत आणि वेगवान गाड्या मागाहून. अखेरच्या फेरीत सर्वांना एकाच वेळी गाठण्याची पाळी सर्वांत शक्तिमान गाडीवर येई. छोट्या शर्यतींत जुळवणीचा कस लागत असे; पुढे अमेरिकेत रुजलेल्या 'ड्रॅग' शर्यतींमध्येही हौशी बांधणीकारांनी अशीच परकी इंजिने घेऊन असेच प्रयोग केले.

१९२१ च्या ईस्टर स्पर्धांत चिटी प्रथम उतरली. चार आसनांची, धुराड्याएवढी भली मोठी निष्कासनलिका मिरविणारी ती गाडी पाहून प्रेक्षकांची करमणूक झाली असावी. झ्बोरोव्स्की स्वतःही चौकटीच्या मोठ्या टोप्या घालून विनोदी थाट करीत असत. परंतु त्या दिवशी गाडीने दोन शर्यती जिंकल्या आणि १००.७५ मैल (१६२ किमी) वेग नोंदविला. नंतर अधिक निमुळती बांधणी केल्यावर ती १२० मैलांच्या जवळ पोहोचली.

या गाडीचे मर्मस्थान तिच्या इंजिनात नव्हते, टायरमध्ये होते. तत्कालीन टायर एवढे वजन आणि वेग एकाच वेळी सोसू शकत नसत. १९२२ मध्ये ब्रुकलँड्सवर टायर फुटून चिटी बेताल झाली आणि वेळनोंदणीच्या खोपटावर आदळली. तेथील एका अधिकाऱ्याची बोटे तुटली. चालक वाचला, पण आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याने चुकविली ही गोष्ट चिटीच्या विनोदी लौकिकात सहसा सांगितली जात नाही.

नंतरच्या गाड्या

दुसऱ्या चिटीत बेंझ कंपनीचे १८.८ लिटरचे सहा सिलिंडरी विमान इंजिन होते. ही गाडी आखूड आणि हाताळायला सुलभ होती. १९२२ च्या आरंभी झ्बोरोव्स्की दांपत्य, गॅलप आणि इतर सोबती तिच्यासह भूमध्य समुद्र ओलांडून सहाराच्या वाळवंटापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या चिटीसाठी १४.८ लिटरचे, पुन्हा सहाच सिलिंडरांचे, मर्सिडीज विमान इंजिन वापरले. गाड्यांचा क्रम पाहिला तर इंजिने उत्तरोत्तर लहान होत गेलेली दिसतात.

यानंतर मात्र त्यांनी उलट दिशा धरली. 'हायम स्पेशल' या गाडीत २७ लिटरचे, बारा सिलिंडरी अमेरिकन लिबर्टी विमान इंजिन आणि जुन्या ब्लिट्झन बेंझ गाडीची गिअरपेटी होती. ही गाडी पूर्णत्वाला नेण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. जे. जी. पॅरी-थॉमस यांनी ती १२५ पौंडांना विकत घेतली, सुधारली आणि 'बॅब्स' असे नाव देऊन एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ताशी १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. मार्च १९२७ मध्ये त्याच ठिकाणी, त्याच गाडीत पॅरी-थॉमस ठार झाले. गाडी वाळूत पुरण्यात आली आणि १९६९ मध्ये ती उकरून काढून दुरुस्त करण्यात आली.

ग्रां प्री शर्यती आणि ॲस्टन मार्टिन

झ्बोरोव्स्की यांनी लायोनेल मार्टिन यांच्या छोट्या कंपनीला सढळ हाताने पैसा पुरविला. त्यातूनच ॲस्टन मार्टिनच्या गाड्या १९२२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील फ्रेंच ग्रां प्रीत उतरू शकल्या. झ्बोरोव्स्की आणि गॅलप दोघेही तेथे शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर हा आधार तुटला आणि १९२५ मध्ये कंपनी बंद पडली; पुढे नव्या मालकांनी ती पुन्हा उभी केली.

१९२३ मध्ये ते बुगाटी घेऊन अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० शर्यतीत उतरले, पण इंजिन निकामी झाले. त्याच वर्षी स्पेनमधील सिट्जेस येथे मिलर गाडीतून त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. हौशी खेळाडू म्हणून हिणविणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

मृत्यू

१९२४ मध्ये ते मर्सिडीजच्या संघात दाखल झाले. वडिलांचा प्राण गेला तो याच नाममुद्रेच्या गाडीत. १९ ऑक्टोबर, १९२४ रोजी मोंझा येथे लेस्मो वळणाजवळ त्यांची गाडी झाडावर आदळली आणि ते मरण पावले. सोबतचा यांत्रिक लेन मार्टिन बचावला. त्या दिवशी त्यांनी वडिलांचीच बाहीची बटणे घातली होती असे सांगितले जाते. लेस्टरशायरमधील बर्टन लाझर्स येथे आईवडिलांजवळ त्यांचे दफन झाले.

लघुरेल्वे

झ्बोरोव्स्की यांना छोट्या आगगाड्यांचाही नाद होता. मित्र कॅप्टन जॉन हाउई यांच्यासह पंधरा इंच रुंदीच्या रुळांचा खरा प्रवासी मार्ग काढण्याचा त्यांचा बेत होता आणि हेन्री ग्रीनली यांनी आरेखन केलेल्या दोन वाफेच्या इंजिनांची मागणीही त्यांनी नोंदविली होती. ती इंजिने पुढे हाउई यांनी घेतली आणि १६ जुलै, १९२७ रोजी केंटमध्ये रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे सुरू केली. 'ग्रीन गॉडेस' आणि 'नॉर्दर्न चीफ' ही त्या दोन इंजिनांची नावे आहेत.

गाड्यांचे पुढे काय झाले

दुरुस्त केलेली पहिली चिटी हाउई यांच्याकडे आणि नंतर शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पुत्रांकडे गेली. कालांतराने ती ब्रुकलँड्सवर बेवारस पडून राहिली आणि तिचे सुटे भाग होऊन ती संपली. हायम पार्क वॉल्टर व्हिगम या बँकव्यवसायिकांनी विकत घेतले. ते फ्लेमिंग कुटुंबाच्या बँकेशी संबंधित होते, त्यामुळे इयान फ्लेमिंग यांचे त्या वास्तूत येणेजाणे होते. उडणाऱ्या मोटारीची त्यांची बालकथा १९६४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली आणि १९६८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. दुसरी चिटी, सहाराला जाऊन आलेली, अद्याप अस्तित्वात आहे.