७५० पैकी २८२

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या घेऊन अकोला, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा शहरांच्या गाड्या धरतात. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा या तालुक्यांतील अनेक घरांमधून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच पाऊल असते. दिवाळीच्या सुटीत ही मुले शाळेला भेट द्यायला येतात, तेव्हा त्यांतील काहींचे बोलणे कमी झालेले असते. विषय राहिले आहेत, इंग्रजीतील व्याख्यान कळत नाही, परत जावेसे वाटत नाही, ही गोष्ट आईवडिलांना सांगण्याचे धैर्य नसते. सभागृहातील बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून त्यांना अधिकच लहान वाटू लागते. यात आपलाही दोष आहे. आपण बाबासाहेबांच्या बत्तीस पदव्यांच्या याद्या भिंतींवर लावतो. त्यांनी परीक्षा देऊन व प्रबंध लिहून मिळविलेल्या पदव्या बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर एवढ्या आहेत. एलएल.डी. आणि डी.लिट्. या पुढे सन्मानाने मिळालेल्या. खरी यादी एवढी थोर असताना ती फुगवण्याची गरज नाही. आणि तिच्या आरंभी असलेली काही वर्षे झाकण्याचीही नाही. या लेखात त्याच वर्षांविषयी लिहिले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसून झालेले शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर सुभेदार रामजीबाबा कुटुंब घेऊन मुंबईस आले. परळ भागातील डबक चाळीत एकच खोली होती. चूल तिथेच, सरपण तिथेच, निजणेही तिथेच. जात्याजवळ आणि बांधलेल्या शेळीजवळ उरेल तेवढ्या जागेत मुलाचा अभ्यास. रामजीबाबांनी यावर एक व्यवस्था बसविली. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून स्वतः त्याच्या जागेवर आडवे व्हावे. काचेवाचून जळणाऱ्या रॉकेलच्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचीत असत.

एवढे करूनही १९०७ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. म्हणजे शेकडा अडतीसच्याही आत. हा आकडा आपल्या स्मरणिकांत फारसा छापला जात नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. संस्कृत शिकण्याची इच्छा असून ती भाषा शिकविण्यास नकार मिळाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली होती, हेही त्या आकड्यासोबत वाचले पाहिजे. समाजाने मात्र गुण मोजले नाहीत. अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलगा मॅट्रिक झाला, याचा आनंद म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी पूर्वीच हेरला होता.

१९०८ च्या आरंभी भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. आजच्या प्रथम वर्षासारखा तो प्रीव्हियसचा वर्ग. सभेतील हारतुरे सुकून गेले होते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके होती, अशा मुलांमध्ये ते आता बसत होते. महाविद्यालयाच्या आवारातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. घराबाहेर प्रथमच पडलेल्या विद्यार्थ्याला मित्र कुठे जोडता येतात? चहाच्या टेबलाशी. ती जागाच त्यांना बंद होती. त्यात प्रकृती साथ देईना आणि आजारपणात एक वर्ष निघून गेले. प्रीव्हियस, इंटर आणि बी.ए.ची दोन अशा चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्यांना पाच वर्षे लागली. आपल्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेबांचे एक वर्ष गेले होते.

या काळात ते टिकले कसे? मोठ्या ध्येयाची ज्योत वगैरे शब्द आपण सहज वापरतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात रोज ज्योत पेटलेली असेलच असे नाही. मला तरी त्यांच्याभोवती उभी असलेली माणसे अधिक स्पष्ट दिसतात. निवृत्तिवेतनावर घर चालवणारे रामजीबाबा मुलाने पुस्तक मागितले की आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत आणि वेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. मंजुळा आणि तुळसा या दोन बहिणींच्या अंगावरचे ते दागिने होते. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या इतिहासात या बहिणींची नावे आपण क्वचितच घेतो. महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना आपली पुस्तके वाचायला दिली, कपडेही दिले. आणि वडिलांचे हात टेकले, शिक्षण अर्ध्यावर थांबण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा केळुसकर गुरुजीच पुढे झाले. ते भीमरावांना घेऊन महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. अडचण आहे हे केळुसकरांना कळले म्हणून मार्ग निघाला. ती घरात दडवून ठेवली असती तर भीमरावांचे शिक्षण इंटरपाशीच संपले असते.

१९१२ मध्ये ते बी.ए. झाले. पुढच्या जानेवारीत बडोद्यास नोकरीवर रुजू होताच वडिलांच्या आजाराची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस आता राहिला नाही.

त्याच वर्षी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून ते जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांचे दुसऱ्यांदा पहिले वर्ष सुरू झाले. इथली अडचण एल्फिन्स्टनच्या अगदी उलट होती. हार्टली हॉल या वसतिगृहातील जेवण घशाखाली उतरेना म्हणून त्यांनी राहण्याची जागा बदलली, ही झाली किरकोळ गोष्ट. खरा पेच स्वातंत्र्याचा होता. या शहरात कुणी जात विचारीत नव्हते, एका टेबलाशी बसून जेवता येत होते, खेळ होते, मित्र होते, रात्री जागवणाऱ्या गप्पा होत्या. बावीस वर्षे ज्याला पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवले, तो तरुण या मोकळेपणात काही महिने रमून गेला आणि अभ्यास मागे पडला. चरित्रकारांनी हे लपवलेले नाही. आपण का लपवावे? एका रात्री झोप येईना, तेव्हा त्यांनी स्वतःचाच हिशेब मांडला असे सांगतात. घरी पत्नी रमाई कशी दिवस काढते आहे, संस्थानचा पैसा कशासाठी मिळतो आहे, मुदत किती उरली आहे.

त्या रात्रीनंतर जे घडले ते रोजच्या वेळापत्रकाचे काम होते. ग्रंथालय उघडताच आत जायचे, दिवसाकाठी अठरा अठरा तास वाचन-लेखन करायचे, शिष्यवृत्तीतून काटकसर करून काही रक्कम घरी पाठवायची आणि उरलेल्या पैशांत जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळायची. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी मित्र सोबतीला राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. जॉन ड्युई, सेलिग्मन असे गुरू लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याने साडेआठ वर्षांनी केलेले हे काम आजही जगभर अभ्यासले जाते.

पुढेही वाट सरळ नव्हती. लंडनचा अभ्यास १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे साठवले, भथेनांकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, तेव्हा १९२० मध्ये लंडनला पुन्हा जाता आले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंधही पहिल्या खेपेस परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. तो सुधारून पुन्हा द्यावा लागला.

आपल्या जिल्ह्याशी या जीवनाचा धागा जुळतो तो बाबासाहेबांनी पुढे उभारलेल्या संस्थांमधून. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला आजचे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. त्या वेळी बुलढाणा मध्य प्रदेशात होता आणि औरंगाबाद हैदराबाद राज्यात, परंतु चिखली, देऊळगाव राजा, जालना या वाटेने ते आपल्याला नागपूरपेक्षा जवळचे. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून मुले तिथे जाऊ लागली. नागसेनवनात वर्गखोल्यांच्या सोबतीने वसतिगृहे उभी राहिली. तिथे राहण्याची जागा होती, दिवा होता, आणि पंगतीत बसून जेवताना शेजारच्याची जात कुणी विचारीत नव्हते. आपल्या शाळेच्या पहिल्या पिढीतील पालकांपैकी कुणी त्या वसतिगृहांत राहिले असतील, तर त्यांनी या दिवाळीत सुटीवर आलेल्या मुलांजवळ बसावे आणि आपले पहिले वर्ष कसे गेले ते त्यांना सांगावे. राहिलेल्या विषयांसकट.