नौखंडा महालाचा कर्ता : मलिक अंबर

पूर्णा जंक्शनहून मनमाडकडे गाडीने जाणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांनी संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल. परंतु त्या नगराची मूळ वसाहत करणाऱ्या पुरुषाचे नाव विचारिले असता बहुतेक जण निरुत्तर होतात, असा आमचा अनुभव आहे. तो पुरुष म्हणजे मलिक अंबर होय.

इ. स. 1548 च्या सुमारास हबसाणात जन्मलेले हे मूल बालपणीच गुलाम म्हणून विकले गेले. अनेक धन्यांच्या हातून फिरत ते दक्षिणेत आले व निजामशाहीचा वजीर चंगीझखान याच्या पदरी पडले. हा वजीरही हबशीच! त्याच्याजवळ अंबर राज्यकारभार शिकला. धनी वारल्यावर तो स्वतंत्र झाला. पुढे 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा खचून न जाता त्याने परांड्यास दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसविले व बुडालेली निजामशाही पुन्हा उभी केली.

1610 साली त्याने खडकी वसविली. त्या वेळी तो साठी ओलांडलेला होता. आमच्यासारखी माणसे त्या वयात निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळीत बसतात! 1612 मध्ये विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. परंतु 1616 साली रोषणगावच्या लढाईत पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. याच सुमारास बांधलेला नौखंडा महाल हे त्याच्या जिद्दीचे प्रतीक आम्ही मानतो. पुढे पहिल्या निजामाने तो वाढविला. त्यात पाच जनानखाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद व कचेरी असून प्रत्येकास स्वतंत्र बाग व हौद होता. हौद भरावयास पाणी हवे. त्याकरिता अंबराने डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणिले. (पाणचक्कीची नहर निराळी व पुष्कळ नंतरची, हे येथे सांगितलेले बरे.)

1621 साली खडकीचा पुन्हा विध्वंस झाला. तरीही 1624 मध्ये भातवडीस त्याने मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या युद्धात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामास आले.

1626 साली, ऐंशीच्या घरात, अंबर निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. पुत्र फत्तेखानाने खडकीचे फत्तेनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले, व अलीकडे 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. नौखंड्याचा बराचसा भाग ढासळला; त्याच आवारात पुढे मुलींचे महाविद्यालय निघाले.