मौनाने परत मिळवलेला आवाज

१८४१च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पॅरिसमधील एका नामांकित गायनगुरूंसमोर वीस वर्षांची एक स्वीडिश तरुणी गायला उभी राहिली. मायदेशी ती राजगायिका होती आणि स्टॉकहोमच्या रंगभूमीवर तिच्या नावावर गर्दी लोटत होती. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’ या ऑपेरातील ज्या भागाने तिने स्वीडनमधील प्रेक्षकांना अनेकदा जिंकले होते, तोच तिने निवडला. परंतु गाता गाता आवाज फुटला आणि गायन अर्ध्यावर थांबले. गुरूंनी दिलेला निर्णय निष्ठुर होता. आता शिकवण्याजोगा आवाजच उरलेला नाही, असे त्यांचे निदान होते. ती तरुणी म्हणजे पुढे ‘स्वीडिश नाइटिंगेल’ या नावाने जगाला ठाऊक झालेली सोप्रानो जेनी लिंड आणि ते गुरू म्हणजे मानुएल गार्सिया.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्टॉकहोममध्ये झाला. त्या वेळी तिच्या आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. आई घरातच मुलींची शाळा चालवी. घरात पैशाची ओढाताण होती आणि मायेचीही. नऊ वर्षांची जेनी खिडकीत बसून आपल्या मांजरीसाठी गात असे. राजनाट्यगृहातील एका नर्तकीच्या दासीने रस्त्यावरून जाताना ते गाणे ऐकले आणि मालकिणीला सांगितले. त्या नर्तकीच्या आग्रहामुळे जेनीला नाट्यगृहाच्या शाळेत प्रवेश मिळाला. तेथे सरकारी खर्चाने शिक्षण मिळत असे आणि त्याची परतफेड रंगभूमीवरील सेवेने करायची असे. दहाव्या वर्षापासून ती रंगमंचावर वावरू लागली. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचा आवाज बिघडला आणि काही काळ गायन थांबवावे लागले. तो पुन्हा सावरला खरा, पण पुढे येणाऱ्या संकटाची ती पहिली सूचना होती.

७ मार्च १८३८ रोजी वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरातील आगाथेच्या भूमिकेने तिचे खरे पदार्पण झाले. वय अवघे सतरा. त्या रात्रीनंतर स्टॉकहोमला दुसरी नायिका नको होती. ‘रॉबर्ट ल दियाब्ल’मधील आलिस, लुचिया, नॉर्मा अशा भूमिका तिच्याकडे एकामागून एक येत गेल्या. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात संपूर्ण वाद्यवृंदाच्या वर आपला स्वर ठेवून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागे. प्रौढ गायिकांचाही कस पाहणाऱ्या या भूमिका ती केवळ निसर्गदत्त देणगीच्या बळावर पेलत होती. श्वास कोठे घ्यावा, ताण कोठे सोडावा, याचे पक्के शिक्षण तिला मिळालेच नव्हते. १८४० मध्ये स्वीडनच्या राजसंगीत अकादमीचे सदस्यत्व आणि राजगायिकेचा मान मिळाला, त्याच काळात गळा थकत चालला होता. वरचे स्वर धूसर होऊ लागले होते.

येथेच तिच्या आयुष्यातील खरा निर्णय आला. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या आणि स्टॉकहोममध्ये तिला कोणी दूषण देत नव्हते. आहे तसे आणखी काही वर्षे गाऊन नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते. परंतु आपल्या गाण्यात काय कमी पडते आहे, हे तिला श्रोत्यांच्या आधी कळले होते. स्वीडनच्या गावोगावी मैफली करून तिने पैसा उभा केला आणि ती पॅरिसला निघाली.

गार्सिया यांचे घराणेच ऑपेराचे. रोस्सिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’च्या पहिल्या प्रयोगात त्यांचे वडील नायक होते. विख्यात गायिका मारिया मालिब्रान आणि पॉलीन व्हियार्दो या त्यांच्या बहिणी. स्वतः मानुएल यांचा आवाज मात्र तरुणपणीच अतिश्रमाने खचला होता. त्यामुळे रंगभूमी सोडून ते अध्यापनाकडे आणि कंठाच्या शास्त्रीय अभ्यासाकडे वळले होते. पुढे १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. जेनीच्या गळ्याला काय झाले आहे, हे ओळखायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता.

त्यांनी सांगितलेला उपचार साधा होता आणि गायिकेसाठी अत्यंत कठीण. काही आठवडे गायचे नाही आणि शक्य तितके बोलायचेही नाही. परक्या शहरात, आवाज परत येईल याची कोणतीही शाश्वती नसताना, तिने हे मौन पाळले. मुदत संपल्यावर ती पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा गळ्यात सुधारणेची चिन्हे होती. मग सुमारे दहा महिने आरंभापासून शिक्षण चालले. श्वासावर ताबा, संथ गतीने स्वरांची चढउतार आणि एकेका कंपनाचा संयमाने केलेला सराव. नॉर्मा गाऊन झालेली गायिका पुन्हा नवशिकी झाली. हानीची एक खूण मात्र कायम राहिली. मध्यातील काही स्वरांवर आयुष्यभर किंचित झाकोळ उरला. तो लपवून गाण्याची कलाही तिने साध्य केली.

१८४२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात तिची चाचणी झाली, पण तेथे तिला घेतले गेले नाही. पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही तिने त्या रंगमंचावर कधी पाऊल ठेवले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला ती पुन्हा ‘नॉर्मा’मध्ये उभी राहिली. वर्षभरापूर्वी निरोप दिलेल्या श्रोत्यांसमोर आता वेगळीच गायिका होती. १८४३ मध्ये कोपनहेगनला हान्स अँडरसन तिच्यावर लुब्ध झाला. तिने त्याला बंधूच मानले. त्याच वर्षी आलेली त्याची ‘नाइटिंगेल’ ही कथा तिच्याच प्रेरणेतून झाली, असे मानले जाते. १८४४ मध्ये बर्लिन जिंकले. ४ मे १८४७ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत तिने आलिस गायिली आणि सारे शहर तिच्या नावाने भारले. त्याच वर्षीच्या जुलैत व्हेर्दीच्या ‘इ मास्नादिएरी’ या नव्या ऑपेराची पहिली नायिकाही तीच होती.

आणि १८४९ च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने ऑपेराची रंगभूमी कायमची सोडली. मैफली मात्र चालू ठेवल्या. अमेरिकेच्या दौऱ्यात मिळवलेल्या धनाचा मोठा वाटा तिने दानधर्मासाठी, विशेषतः स्वीडनमधील शाळांसाठी दिला. १८८३ मध्ये लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले, तेव्हा ती तेथे गायनाची प्राध्यापिका झाली. २ नोव्हेंबर १८८७ रोजी तिचे निधन झाले. तिच्या आवाजाचे कोणतेही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

म्हणूनच जेनी लिंड कशी गात असे, हे आपल्याला ऐकता येत नाही. ती काय करू शकली, एवढे मात्र कळते. टाळ्या चालू असताना आपली उणीव ओळखणे, मिळालेला मान बाजूला ठेवून शिष्या होणे आणि गाण्यासाठी काही काळ गाणेच सोडणे, हे तिने विशीत केले. कोवळ्या वयात रंगमंचाचा झगमगाट लाभणाऱ्या आजच्या गायक-गायिकांना आणि त्यांच्या घाई झालेल्या पालकांना पॅरिसमधल्या त्या मौनाची आठवण असावी.