विश्लेषण : अंगणवाडीतली हातवाऱ्यांची गाणी आली कुठून? ताराबाई मोडक यांनी नेमके काय घडवले?

फाल्गुनात यवतमाळ जिल्ह्यातल्या रानात पळस पेटतो, चैत्रात मोहाची फुले गळू लागतात. याच दिवसांत गावोगावच्या अंगणवाड्यांत फुले, पाखरे, ऊन-सावली यांची कृतिगीते रंगतात. दोन्ही हातांची ओंजळ म्हणजे कळी, बोटे उघडली की फूल, अंगठे जुळवून पंजे हलवले की पाखरू. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा हा कार्यक्रम आज कुणालाही नवा वाटत नाही. अनेक पालकांना तो निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. पण अशा गाण्या-खेळांना शिक्षणात जागा मिळावी आणि ते गरिबाच्या अंगणापर्यंत पोहोचावे, यासाठी पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी जवळपास पाच दशके खर्ची घातली. त्यांच्या आयुष्यातली काही वर्षे यवतमाळच्या शेजारी, अमरावतीत गेली होती.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे अनुयायी. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. विधवाविवाहाचे नाव काढले तरी समाज वाळीत टाकायचा, त्या काळातले हे घर. मुलींनी शिकायचे की नाही, हा प्रश्नच या घरात नव्हता. ताराबाई एल्फिन्स्टन कॉलेजात शिकल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. मराठी घरातल्या मुलीने पदवीधर होणे तेव्हा दुर्मीळ होते.

अमरावतीहून भावनगरला कशा पोहोचल्या?

१९१५ मध्ये कृष्णा वासुदेव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मोडक अमरावतीत वकिली करत, त्यामुळे ताराबाई वऱ्हाडात आल्या. मुलगी प्रभा हिचा जन्मही याच काळातला. मात्र संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. लहान मुलीला घेऊन, स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याची वेळ ताराबाईंवर आली.

त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते, पगार चांगला होता. पण लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला होता. त्याच सुमारास भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांचा प्रयोग गाजत होता. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना ते माँटेसरी पद्धतीकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. पुढची नऊ वर्षे त्या तिथे होत्या. गुजराती भाषा त्यांनी आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. संघाच्या ‘शिक्षण पत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे कामही पुढे त्यांनी सांभाळले.

बोटांच्या गाण्यात शिक्षण कसले?

या प्रश्नाचे उत्तर युरोपात आधी शोधले गेले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८४४ मध्ये त्यांनी आईने बाळासोबत म्हणायच्या गाण्यांचा आणि बोटांच्या खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला. खेड्यापाड्यांतल्या आया पिढ्यान् पिढ्या जे करत होत्या, त्यात शिक्षण आहे हे त्यांनी ओळखले.

त्यामागचे कारण साधे आहे. पेन्सिल धरण्याआधी मुलाच्या बोटांना स्वतंत्रपणे हलण्याची सवय व्हावी लागते. करंगळी वेगळी, अंगठा वेगळा हे कळावे लागते. पाच बोटांची पाच पाखरे एकेक करून उडाली की वजाबाकी शिकवावी लागत नाही, ती डोळ्यांसमोर घडते. शब्द आणि हालचाल एकत्र आली की शब्द लक्षात राहतो. चाल ठरलेली असल्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज मूल बांधू लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या मुलाला अजून नीट बोलता येत नाही तेही हातांनी गाण्यात भाग घेऊ शकते.

मराठी घरांतही हे सारे होतेच. बाळाच्या तळहातावर बोट टेकवत मोराला बोलावणे, एकेक बोट धरून त्याचे नाव सांगणे, टाळ्यांच्या तालावर गालगुच्चा घेणे हे खेळ आजी-आत्यांकडून चालत आले. ताराबाईंनी ते शोधून काढले असे नाही. घरात असलेली ही गोष्ट शाळेने का नाकारावी, हा त्यांच्या कामामागचा प्रश्न होता. छडी, पाठांतर आणि हाताची घडी या त्रयीवर तेव्हाची शाळा उभी होती. बालमंदिराच्या दिवसात मात्र गाणी, गोष्टी, नाट्य आणि नृत्य यांना वाचन-लेखनाइतकेच मानाचे स्थान मिळाले.

जपानला हाच प्रश्न कसा पडला?

परक्या देशातून आलेली शिक्षणपद्धती आपली कशी करायची, ही अडचण भारतापुरती नव्हती. जपानमध्ये १८७६ मध्ये तोक्योच्या महिला नॉर्मल स्कूलला जोडून फ्रोबेलच्या धर्तीवरची बालवाडी सुरू झाली. गाणी हवी होती, पण ती नव्हती. तेव्हा परदेशी गाण्यांच्या आधारे रचना करून त्यांना राजदरबारातल्या संगीतकारांनी चाली दिल्या. भाषा जड, लय संथ. लहान मुलांच्या तोंडी ती सहज बसण्यासारखी नव्हती.

बदल घडायला पंचवीस वर्षे लागली. १९०१ मध्ये ‘योचिएन शोका’, म्हणजे बालवाडीची गाणी, हा संग्रह प्रसिद्ध झाला. हिगाशी कुमे या कवयित्री आणि ताकी रेन्तारो हा तरुण संगीतकार हे त्यामागचे प्रमुख. मुले घरी जशी बोलतात त्याच भाषेत ही गाणी होती आणि त्यांचे विषय ऋतू, सण, पाखरे असे रोजच्या पाहण्यातले होते. ताकी दोनच वर्षांनी, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेला. त्याची गाणी मात्र जपानी मुले आजही म्हणतात.

जपानी बालवाडीतले आणखी एक उदाहरण बोलके आहे. मूठ मिटायची, उघडायची, टाळी वाजवायची असे एक हातखेळाचे गाणे तिथे घरोघरी माहीत आहे. त्याची चाल फ्रेंच विचारवंत रूसो यांच्या अठराव्या शतकातल्या संगीतिकेपर्यंत मागे नेली जाते. १८८० च्या दशकात शाळेच्या गीतपुस्तकात याच चालीवर चेरी आणि विलोच्या झाडांचे, वसंताचे वर्णन होते. शब्द अलंकारिक होते. पुढे त्याच चालीला मुलांच्या हातांचे साधे शब्द मिळाले आणि गाणे टिकले. परक्या चालीला आपले शब्द आणि आपले हात मिळाले की ती आपली होते, एवढे यातून दिसते.

बोर्डीत काय घडले?

भावनगरहून परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. शिक्षिका तयार करण्याचे कामही चालू होते. पण ही सोय शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांपुरतीच राहत होती. माँटेसरी साधने महाग होती आणि खेड्यातल्या शाळेला ती परवडणारी नव्हती. दरम्यान वर्ध्यात नई तालीमचा विचार आकार घेत होता आणि १९४५ मध्ये त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या पूर्व बुनियादी शिक्षणाचाही समावेश झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय ५३. सोबत होत्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिका होत्या. एका शिबिरात दोघींची ओळख झाली आणि त्यांनी ताराबाईंसोबत जाण्याचा निर्णय घेतला.

केंद्र उघडले, पण दलित वस्तीतली मुले येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कुणाकडे अंगावर घालायला धड कपडा नव्हता. शिवाय गावात शिवाशिव होती. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच मुलांकडे न्यायची, असे ताराबाईंनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, झाडाखाली किंवा अंगणात बसवायचे आणि गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि तो शब्द रूढ झाला. महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू वापरात आले. ज्या अंगणात काहीच साधन नसते, तिथेही मुलाचे दोन हात असतातच. त्यामुळे कृतिगीत हे सर्वांत स्वस्त शैक्षणिक साधन ठरते.

कोसबाडने काय शिकवले?

१९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे अडचण वेगळी होती. मुले गुरे राखायला जात. मग कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात त्या कुरणातच शाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीही ताराबाईंची कल्पना. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की मोठी बहीण शाळेत बसू शकते, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालवले.

कल्पना सरकारी योजनेत कशी आली?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले ते अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा त्यात आल्या.

म्हणजे ताराबाईंसाठी जे मुख्य काम होते, ते योजनेत सहापैकी एक झाले. आहार आणि आरोग्य यांची गरज वादातीत आहे. पण वजन, उंची आणि आहाराच्या नोंदी भरता भरता सेविकेचा दिवस सरतो, तेव्हा सर्वांत आधी कात्री लागते ती गाण्या-खेळांच्या वेळेला. न वाटलेला आहार नोंदवहीत दिसतो, न म्हटलेले गाणे कुठेच दिसत नाही.

यवतमाळसाठी याचा अर्थ काय?

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतल्या पोडांवर कोलाम मूल घरात कोलामी बोलते. गोंड कुटुंबांत गोंडी ऐकू येते. पुसद, दिग्रस, दारव्हा परिसरातल्या तांड्यांवर बंजारा बोली चालते. अंगणवाडीतली गाणी मात्र बहुधा प्रमाण मराठीत असतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी अनोळखी बाई आणि अनोळखी भाषा, दोन्हींना सामोरे जावे लागते. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा असल्याने हे अंतर आणखी मोठे आहे.

कृतिगीत हे अंतर कमी करू शकते, कारण शब्द कळला नाही तरी हाताची खूण कळते. त्याच गाण्यात फुलाला घरी वापरला जाणारा शब्दही घातला, तर मूल दोन्ही भाषांत फूल शिकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वस्तीतल्या आजीबाईंकडून बोटांचे खेळ आणि ऋतूंची गाणी गोळा करणे, सेविका-मदतनिसांच्या प्रशिक्षणात त्यांना जागा देणे आणि रोजच्या वेळापत्रकातला गाण्यांचा वेळ राखणे एवढे लागते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मान्य केला आहे आणि मातृभाषेवर भर दिला आहे. धोरणाचे हे शब्द पोडावर आणि तांड्यावर उतरले की नाही, याची पाहणी करणेही अवघड नाही. चैत्रात मोह वेचायला आईबरोबर पहाटे रानात जाणाऱ्या मुलाला अंगणवाडीत मोहाचे गाणे त्याच्या भाषेत ऐकायला मिळते का, एवढेच पाहायचे.