दुर्गाबाई आणि कायद्याचे राज्य

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर अंतर्गत आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले, भल्याभल्यांच्या लेखण्या थंडावल्या. त्या काळात ताठ उभ्या राहिलेल्या दुर्गा भागवतांचे चरित्र चळवळीतील वाचकांनी अवश्य समजून घ्यावे, असे आम्हास वाटते.

१९१० साली इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाईंना महाराष्ट्र लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून ओळखतो. परंतु प्रारंभीच्या बौद्ध संघाच्या न्यायशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ सालीच प्रसिद्ध झाला होता. पुढे जातककथाही त्यांनी सात खंडांत मराठीत आणल्या. विनयाचा दंडक असा, की आरोपी भिक्खूला समोर बोलावून विचारल्याशिवाय संघाने केलेली कारवाई वैध नाही. आणीबाणीत मात्र मिसाखाली कारण न सांगता माणूस डांबता येत होता. भिक्खूला होता तेवढा हक्कही स्वतंत्र भारताच्या नागरिकाला उरला नव्हता!

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच व्यासपीठावरून बाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. १९७६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून त्यांना अटक झाली. सुटल्यावर १९७७ च्या निवडणुकीत त्या सत्तेविरुद्ध प्रचाराला उतरल्या. पुढे सरकारी सन्मानही त्यांनी नाकारले. ७ मे २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यातील काहींना तेव्हा वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांचे भले दिसले. जयप्रकाशांभोवती जमलेल्या हिंदुत्ववाद्यांविषयीची शंकाही रास्तच होती. पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. ते दार बंद झाले की सर्वांत आधी कोण मरतो? अमरावती-अकोल्याच्या कोर्टात गावकुसाबाहेरून येणाऱ्या पक्षकाराजवळ ना मंत्री असतो, ना पैसा. त्याच्यापाशी असते ते फक्त संविधान.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत भिक्खू संघाच्या लोकशाही कार्यपद्धतीची आठवण दिली आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. मात्र कलम कागदावर राहून भागत नाही. सत्ताधारी समोर बसलेला असताना बोलणारी माणसे लागतात. दुर्गाबाई बोलल्या. आपल्या वस्तीतल्या, आपल्या विहारातल्या मुलामुलींना आपण हे बोलणे शिकवणार आहोत काय?