जॉर्ज स्मिथ आणि निनवेच्या मातीच्या पाट्या

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस केव्हां ना केव्हां एक प्रश्न ऐकावा लागतो. जलप्रलयाची गोष्ट कांहीं एकट्या ख्रिस्ती शास्त्रांत नाहीं. मनूची व माशाची गोष्ट शतपथ ब्राह्मणांत आहे, आणि बाबेलच्या लोकांत तर ती फारच जुनी आहे. मग नोहाची गोष्ट खरी कशावरून, असें विचारणारा पुढें येतो. अशा वेळीं कोणी बंधु गप्प बसतो, कोणी रागावतो, आणि कोणी ऐकीव माहितीच्या बळावर नको तेवढें मोठें उत्तर देऊन बसतो. ज्या मनुष्यामुळें बाबेलची ती गोष्ट सर्व जगापुढें आली, त्याचें चरित्र ठाऊक असल्यास ह्या तिन्ही चुका टळतील असें आम्हांस वाटतें; म्हणून तें येथें थोडक्यांत देतों.

जॉर्ज स्मिथ ह्यांचा जन्म लंडन शहरांत चेल्सी येथें ता. २६ मार्च १८४० रोजीं एका कामकरी कुटुंबांत झाला. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली, व एका छापखान्यांत चलनी नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर ते उमेदवार राहिले. ह्या कामानें त्यांच्या नजरेस बारीक रेषा ओळखण्याची संवय लागली. जुन्या करारांतील राजांच्या इतिहासाची त्यांस मोठी गोडी होती. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुटींत ते ब्रिटिश म्युझियमांत जात व निनवेहून आणलेल्या मातीच्या पाट्या पाहत बसत.

ज्या निनवेस योना संदेष्टा गेला, तें अश्शूरी राजांचें नगर इ. स. पूर्वी ६१२ ह्या वर्षीं उद्ध्वस्त झालें व मातीच्या टेकाडांखालीं गाडलें गेलें. हीं टेकाडें मोसल शहरासमोर नदीच्या पलीकडे आहेत. तेथें लेयार्ड साहेबांनीं, व पुढें मोसलचेच रहिवासी होर्मुझ्द रस्साम ह्या ख्रिस्ती गृहस्थांनीं, खणून अशुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह बाहेर काढिला. हे ग्रंथ कागदाचे नव्हते. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनें पाचरीसारख्या खुणा उठवून ती पाटी सुकवीत किंवा भाजीत. नगर पडलें तेव्हां त्या पाट्यांचे हजारों तुकडे झाले. ही लिपि वाचण्याची वाट ज्यांनीं काढिली त्यांत हेन्री रॉलिन्सन हे प्रमुख होते. ते १८२७ सालीं कंपनीच्या लष्करांत मुंबईस आले होते, आणि पुढें इराणांत बेहिस्तून येथील उंच कड्यावर चढून तेथील लेख त्यांनीं उतरून घेतला होता.

नोटा कोरणारा हा तरुण तुकड्याशीं तुकडा जुळवून वाचूं लागला आहे हें रॉलिन्सन ह्यांच्या ध्यानांत आलें. १८६६ सालीं स्मिथ ह्यांस इस्राएलाचा राजा येहू ह्यानें अश्शूरचा राजा शल्मनेसर ह्यास खंडणी दिल्याचें वर्ष सांपडलें. राजांच्या पुस्तकांत येहूचा इतिहास आहे, पण ह्या खंडणीचा उल्लेख नाहीं. लवकरच म्युझियमानें त्यांस आपल्या कामावर घेतलें. कोणत्याही मोठ्या विद्यालयाची पायरी न चढलेला मनुष्य अशा रीतीनें पंडितांच्या पंक्तीस बसला.

१८७२ सालीं एका फुटक्या पाटीवर त्यांस कांहीं ओळी दिसल्या. एक तारूं डोंगरावर टेकलें होतें. त्यांतून कबुतर सोडलें, तें विसावा न मिळाल्यानें परत आलें. मग निळवी सोडली, आणि शेवटीं कावळा सोडला, तो परतला नाहीं. त्यांनीं त्या गोष्टीचे आणखी तुकडे शोधून काढिले, व ता. ३ डिसेंबर १८७२ रोजीं लंडन येथील विद्वानांच्या सभेंत तें सर्व वाचून दाखविलें. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन साहेब त्या सभेस हजर होते.

लागलीच वाद माजला. शास्त्र खरें ठरलें असें एक पक्ष म्हणूं लागला. इब्र्यांनीं ही गोष्ट बाबेलाकडून उचलली असें दुसरा म्हणूं लागला. स्मिथ ह्यांनीं मात्र पाट्यांवर जें आहे तें छापून टाकिलें. कोणत्या पक्षास तें गैरसोयीचें होईल, ह्या भीतीनें कांहीं लपविलें नाहीं.

पाटीचा कांहीं भाग अजून मिळाला नव्हता. तो शोधण्यासाठीं एका लंडनच्या वर्तमानपत्रानें १,००० गिनी देऊं केल्या. ही व्यवस्था करणारे एडविन अर्नॉल्ड हे पूर्वीं पुण्यास सरकारी कॉलेजाचे प्रिन्सिपाल होते. १८७३ च्या मे महिन्यांत निनवेच्या टेकाडांत खणतांना थोड्याच दिवसांत स्मिथ ह्यांस जलप्रलयाच्या मजकुराचा एक तुकडा सांपडला, व तोच हरवलेला भाग होय असें सर्वांस वाटलें. पुढें अधिक पाट्या वाचल्यावर असें ठरलें कीं तो तुकडा त्या गोष्टीचा नसून जलप्रलयाच्याच दुसऱ्या एका कथेचा आहे. त्या कथेच्या नायकाचें नांव अत्रहासिस. सत्य शोधणाराही चुकतो, आणि धीरानें केलेल्या पुढच्या श्रमांनीं ती चूक दुरुस्त होते.

१८७६ सालीं ते तिसऱ्यांदा त्या देशीं गेले. परवानगीस विलंब झाला, उन्हाळा कडक पडला, आणि त्या प्रांतांत रोगाची सांथ होती. परत येतांना त्यांस आंव झाली, व ता. १९ ऑगस्ट १८७६ रोजीं अलेप्पो येथें वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. मागें पत्नी व लहान मुलें राहिलीं. त्यांस सरकारांतून वर्षास १५० पौंड देण्यांत आले.

आतां त्या प्रश्नाकडे वळूं. बाबेलची गोष्ट लेखी रूपानें उत्पत्तीच्या पुस्तकाहून जुनी आहे, असें आज बहुतेक विद्वान मानतात. हें आम्हीं उघड कबूल करावें. आमचें शास्त्रच सांगतें कीं अब्राहाम खास्द्यांच्या ऊर नगरांतून निघाला. मग त्याच्या वंशजांस त्या देशची जुनी आठवण असावी ह्यांत नवल तें काय? त्या पाट्यांनीं नोहाच्या तारवाचा पुरावा मिळाला, असेंही कोणीं सांगूं नये. तेवढें त्या पाट्या सांगत नाहींत. परंतु दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून वाचाव्या. अत्रहासिसाच्या कथेंत मनुष्यांच्या गलबल्यानें देवाची झोंप मोडते म्हणून पूर येतो. निनवेच्या पाटीवर देव स्वतःच पुरास भितात, व पुढें यज्ञाच्या वासावर माशांसारखे जमतात. उत्पत्तींत एकच देव आहे. तो जुलमाचा न्याय करितो, आणि धनुष्याची खूण देऊन सर्व प्राण्यांशीं करार करितो. आमचा विश्वास त्या देवावर आहे.

तेव्हां, प्रिय बंधूंनो, असा प्रश्न आला तर भिऊं नये व रागावूं नये. जेवढें ठाऊक आहे तेवढेंच सांगावें, आणि जें ठाऊक नाहीं त्याबद्दल तसें स्पष्ट म्हणावें. नोटा कोरणाऱ्या त्या कामकऱ्यानें देवाच्या वचनाचें रक्षण करण्यासाठीं खोट्याचा आधार घेतला नाहीं. आम्हांसही तो घेण्याची गरज नाहीं.